जकात, सायर, सीमाशुल्क : मराठी व्यवहारभाषेतील आयातकराची संकल्पना

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. 1935 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या आसपासच्या वस्तीत मराठी ही घरची भाषा आणि हिंदी ही बाजाराची भाषा अशी विभागणी अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशा द्विभाषिक वस्तीत कराचे शब्दही दुहेरी असतात. परदेशी असलेल्या मुलाने धाडलेल्या पार्सलावर जी रक्कम भरावी लागते तिला कोणी 'कस्टम' म्हणतो, कोणी हिंदीच्या सवयीने 'चुंगी' म्हणतो, पुण्या-नागपूरहून आलेला पाहुणा 'जकात' म्हणतो आणि पावतीवर 'सीमाशुल्क' असे छापलेले असते. हे चार शब्द एकाच गोष्टीची चार नावे आहेत असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ते दोन भिन्न कल्पनांचे वाहक आहेत, आणि या दोन कल्पनांची गल्लत हेच आयातकर समजून घेण्यातील पहिले विघ्न आहे.

एक कल्पना मार्गाची. माल रस्त्याने जातो, घाट ओलांडतो, पेठेत उतरतो. रस्ता, घाट आणि पेठ ज्याच्या अमलाखाली, तो त्या जाण्याबद्दल काही घेतो. दुसरी कल्पना उगमाची. माल कोठे तयार झाला हे पाहून, परका माल आणि घरचा माल यांच्या किमतींत जो फरक असेल तो भरून काढण्यासाठी किंवा वाढविण्यासाठी घेतलेला तो कर होय. मार्गाचा कर मालाला 'कोठून चाललास?' असे विचारतो. उगमाचा कर 'कोणाचा आहेस?' असे विचारतो. मराठीने या दोहोंना दीर्घकाळ 'जकात' हे एकच नाव दिले. मूळ अरबी धर्मदानवाचक शब्द फारसी राज्यव्यवहारातून येताना आपला धार्मिक अर्थ मागे टाकून आला आणि नाक्यावर स्थिरावला.

संस्कृत परंपरेत मात्र हा भेद आरंभापासून नोंदलेला दिसतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील शुल्काध्यक्षाच्या प्रकरणात शुल्काचे बाह्य, आभ्यंतर आणि आतिथ्य असे तीन वर्ग येतात. परदेशातून आलेल्या मालाच्या शुल्काला 'आतिथ्य' म्हणावे, ही योजना कोणाही साहित्याभ्यासकाला थांबवून ठेवील अशी आहे. आत येणाऱ्या मालावर सामान्यतः मूल्याचा पाचवा हिस्सा घ्यावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच प्रकरणात विवाहाचे साहित्य, वधूबरोबर जाणारे साहित्य, नजराणा वा भेट म्हणून नेलेल्या वस्तू, यज्ञ आणि प्रसूती यांसाठीच्या वस्तू यांना शुल्क माफ आहे. परंतु खोटे कारण सांगून माल सोडविणाऱ्याला चोरीचा दंड आहे. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे हा भाग मराठी अभ्यासकांच्या हाताशी अनेक दशके आहे, पण अर्थशास्त्राचे मराठी वाचक राजनीतीच्या प्रकरणांत जितके रमले तितके शुल्काच्या प्रकरणात रमले नाहीत.

मराठेशाहीच्या दप्तरांतील जकात प्रामुख्याने मार्गाची आहे. माल जेथे भरला जातो तेथे घ्यावयाची ती 'थळभरीत' आणि जेथे मोडला, म्हणजे विकला जातो तेथे घ्यावयाची ती 'थळमोड'. या दोन टोकांच्या मधल्या वाटेवर नाक्यागणिक होणारी वसुली वेगळीच. वतनदारांचे, देवस्थानांचे, परगण्याचे हक्क त्यात गुंतलेले असल्यामुळे एकाच गोणीवर किती ठिकाणी किती द्यावे लागेल, हे व्यापाऱ्याला आधी सांगता येत नसे. या गुंतागुंतीतून 'हुंडेकरी' हा व्यवसाय उभा राहिला. ठरीव रकमेच्या मोबदल्यात माल एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पोचविणे आणि वाटेतील सगळ्या नाक्यांची भरपाई आपल्या अंगावर घेणे हे त्याचे काम. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने 1819 मध्ये लिहिलेल्या आणि पुढे छापलेल्या अहवालात या हुंडेकऱ्यांची दखल घेतली आहे. आजचा 'कस्टम्स ब्रोकर' हा शब्द मराठीत जसाच्या तसा वापरावा लागतो, ही गोष्ट त्या जुन्या शब्दाच्या संदर्भात थोडी खटकते. आडनावात उरलेला हुंडेकरी व्यवहारातून गेला.

उगमाच्या कराची कल्पना मराठीला परकी होती, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांना डिसेंबर 1671 मध्ये पाठविलेले मिठाविषयीचे पत्र हा त्याचा निर्णायक पुरावा होय. प्रसंग साधा आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त पिकत होते आणि घाटावर माल नेणारे उदमी तिकडे वळू लागले होते. संगमेश्वराकडील मीठ, म्हणजे स्वराज्यातील मीठ, त्यामानाने महाग पडत होते. पत्रातील आज्ञेचा आशय असा की, बारदेशच्या मिठावर इतकी भारी जकात बसवावी की खरेदी, वाहतूक आणि जकात धरून त्याची किंमत संगमेश्वरी मिठापेक्षा कमी पडू नये. तसे न केल्यास व्यापार त्या बाजूला जाईल आणि आपल्या बंदरांचा धंदा बुडेल.

या पत्राचे कौतुक आजवर बहुधा राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून झाले आहे. ते योग्यच आहे. पण शब्दव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट घडते. 'जकात' हा मार्गाचा शब्द येथे उगमाच्या कामाला जुंपला जातो. नाका तोच, कारकून तोच, गोणीही तीच. पण आता कारकुनाने गोणीतील मिठाचे गाव विचारायचे आहे. मिठाला चव असते, गाव नसते. ते गाव कागदावरच ठरते. किंमत, वाहतूक आणि कर यांची बेरीज करून दोन मिठे एका पातळीला आणावयाची, हे गणित पुढील तीन शतकांतील प्रत्येक आयातकराचे गणित आहे. प्रश्न इतकाच राहतो की ही बरोबरी कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने करावयाची.

या प्रश्नाची झळ समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशाला अधिक लागते, आणि छत्तीसगढ हा तसा प्रदेश आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत 1741 मध्ये रतनपुरावर चालून आले; 1758 पासून 1787 मध्ये मृत्यू येईपर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरात राहून कारभार केला; त्यानंतर 1818 पर्यंत सुभेदारांचा अंमल होता. मराठी आणि मोडी लिपी छत्तीसगढच्या कारभारात रुजली ती याच काळात. या काळातील करांच्या नावांत जमीनदारांकडून घ्यावयाची 'टकोली', मद्यावरील 'कलाली', शेती न करणाऱ्यांवरील 'पंडरी' ही जशी येतात तसे आयात-निर्यातीच्या मालावरील 'सायर' हे नावही येते. म्हणजे नागपूरकरांच्या या मुलखात जकातीचे काम सायर या नावाने चालले. 1818 नंतर भोसल्यांच्या वतीने इंग्रज अधिकारी कारभार पाहू लागले. त्यांतील ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपूरला आणले आणि त्याच्या अहवालामुळे या जुन्या करांची माहिती टिकून राहिली.

सायर कशावर पडे, हे पाहिले म्हणजे प्रदेशाची स्थिती कळते. छत्तीसगढात धान्य मुबलक होते, लाख होती. नव्हते ते मीठ. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून पूर्व किनाऱ्याकडे जात आणि तिकडून मीठ घेऊन येत. कुडाळच्या सरसुभेदाराच्या हाती मीठ पिकविणारी किनारपट्टी तरी होती. रायपूरच्या बाजारातील गिऱ्हाइकाला दोन्ही मिठे परकीच. ज्याच्या घरी माल पिकतच नाही त्याच्या दृष्टीने संरक्षक जकात आणि साधी वाटेवरची वसुली यांत फरक उरत नाही. त्याच्या पदरी फक्त चढलेली किंमत पडते. 1671 च्या पत्राचे वाचन कोकणातून करणे आणि छत्तीसगढातून करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे म्हणावे लागते ते यामुळे.

इंग्रजी अमलात हीच गोष्ट विराट प्रमाणावर घडली. बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांत मिठावरील कराचे दर भिन्न होते. 1870 च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात मणाला सुमारे तीन रुपये आणि बंगालात त्याहून थोडा अधिक कर असताना मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो एक रुपया तेरा आणे होता. स्वस्त मीठ महाग मुलखात शिरू नये म्हणून देशाच्या पोटातून एक जकातरेषा ओढली गेली. 1869 मध्ये ती सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे 2,300 मैल पसरली होती आणि जवळजवळ 12,000 माणसे तिच्यावर पहारा देत होती. तिचा मोठा भाग काटेरी झाडाझुडपांच्या कुंपणाचा होता. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे 1867 ते 1870 या काळात या खात्याचे आयुक्त होते. इतके प्रचंड कुंपण लोकस्मृतीतून जवळपास पुसले गेले होते. रॉय मॉक्सम यांच्या 2001 मधील पुस्तकाने ते पुन्हा चर्चेत आणले.

ही रेषा परदेशाशी असलेली सीमा नव्हती. दोन्ही बाजूंना राज्य एकाच सत्तेचे होते. तरीही गंजमच्या मिठागरातून, म्हणजे मद्रास इलाख्यातून, येणारे मीठ रेषेवर परके ठरत होते. उगमाचा कर लावण्यासाठी परदेश लागत नाही, परकेपणाची नोंद करणारा कारकून पुरतो, हे या रेषेने दाखवून दिले.

1 एप्रिल 1879 रोजी रेषा मोडली गेली. ती कशी मोडली गेली, हे अधिक लक्षणीय आहे. दर समान केल्याखेरीज रेषा काढणे शक्य नव्हते. म्हणून बंगालातील आणि उत्तरेतील दर थोडे उतरविले गेले आणि मुंबई-मद्रास इलाख्यांतील दर एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर नेले गेले. हे घडले 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळाच्या तोंडावर, त्याच दख्खनेत. 1671 मध्ये बरोबरी साधण्यासाठी परक्या मिठाची किंमत चढविली गेली. 1878 मध्ये ज्यांचे मीठ स्वस्त होते त्या मराठी आणि तमिळ-तेलुगू शेतकऱ्याची किंमत चढविली गेली. अंकगणिताचा नियम एकच, धनी वेगळा.

कापसाच्या मालाची कथा सर्वपरिचित असल्याने तिचा येथे थोडक्यात निर्देश पुरे. 1882 मध्ये बहुतेक आयातशुल्के काढून टाकली गेली. 1894 मध्ये ती परत आली तेव्हा मँचेस्टरच्या कापडाला धक्का बसू नये म्हणून हिंदी गिरण्यांच्या सुतावर उत्पादनशुल्क बसले. 1896 मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अशी 'बरोबरी' झाली. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती. हा कर तिच्या मागावरच्या कापडावर होता. स्वतःच्या घरच्या मालावर आयात मालाइतकाच कर, ही 1671 च्या तर्काची पूर्ण उलटापालट होय.

या उलटापालटीला मराठीतून जे उत्तर दिले गेले ते रायपूरच्या परिसरात हिंदीतून पोचले, आणि तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने हा दुवा मोलाचा आहे. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी, लेखनभाषा मुख्यत्वे हिंदी. 1900 मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' सुरू केले. 'स्वदेशी आंदोलन और बायकाट' ही त्यांची 1906 मधील पुस्तिका 'केसरी'तील विचारांच्या आधारावर उभी आहे. सरकार परक्या कापडावर जकात बसवीत नाही, तर ती प्रजेने आपल्या मनाच्या नाक्यावर बसवावी, असा बहिष्काराच्या विचाराचा गाभा सांगता येईल. कर हा राजाचा हक्क. बहिष्कार हा प्रजेने परत घेतलेला तोच हक्क. तो मराठीतून हिंदीत जाताना वाटेत कोणताही नाका आडवा आला नाही. डिसेंबर 1925 मध्ये कापडावरील उत्पादनशुल्क स्थगित झाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये सप्रे रायपुरात निवर्तले.

स्वातंत्र्यानंतर शब्दांची फेरमांडणी झाली. रायपूर ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होते त्याच्या राजधानीत, नागपुरात, डॉ. रघुवीर यांचे परिभाषाकार्य चालले आणि हिंदी-मराठीला सामाईक अशी संस्कृतनिष्ठ राज्यव्यवहाराची भाषा प्रतिष्ठित झाली. 'शुल्क' परत आले. 1962 चा सीमाशुल्क अधिनियम आणि 1975 चा सीमाशुल्क दर अधिनियम या दोन कायद्यांवर आजची रचना उभी आहे. दरम्यान मार्गाचा कर दोन प्रांतांत दोन वेळी संपला. मध्य प्रदेशात 1976 मध्ये चुंगी जाऊन तिच्या जागी प्रवेशकर आला. महाराष्ट्रात जकात शहराशहरांतून टप्प्याटप्प्याने गेली आणि मुंबईत ती 1 जुलै 2017 पर्यंत टिकली. परिणामी रायपूरच्या आणि मुंबईच्या एकाच वयाच्या दोन मराठी माणसांच्या मनात 'जकात' या शब्दाचा अनुभव एकच राहिला नाही.

आजच्या आयातकराची घडण पाहिली तर ती नाक्याच्या कल्पनेने उलगडत नाही. वस्तूची किंमत, विमा आणि वाहतूक यांची बेरीज हे करपात्र मूल्य. 10,000 रुपये मूल्याच्या वस्तूवर मूळ सीमाशुल्क 10 टक्के धरले तर 1,000 रुपये होतात. 2018 पासूनचा समाजकल्याण अधिभार मूल्यावर नसून त्या शुल्कावर, 10 टक्के, म्हणजे 100 रुपये. आता बेरीज झाली 11,100. त्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर 18 टक्के धरल्यास 1,998. एकूण भार 3,098 रुपये. दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस टक्के, असा हिशेब करणाऱ्याला जवळजवळ एकतीस टक्के भरावे लागतात, कारण करावरही कर आहे. यातील तिसरी रक्कम देशी मालावरही पडते. तिचा उद्देश परक्या मालाला देशी मालाच्या बरोबरीस आणणे हा आहे. परकेपणाची खरी किंमत पहिल्या दोन रकमांत आहे. मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्याच्या परदेशी टपाल कार्यालयात हा हिशेब होतो म्हणून तो त्या शहरांचा कर ठरत नाही. तेथे केवळ 'कोणाचा आहेस?' हा प्रश्न विचारला जातो.

भेटीच्या बाबतीत ही गल्लत सर्वाधिक तीव्र होते. जे विकायचे नाही त्यावर कर कसा, हा प्रश्न कौटिल्याच्या माफीच्या यादीइतका जुना आणि तितकाच मानवी आहे. अर्वाचीन कायद्यानेही टपालाने येणाऱ्या भेटींना मर्यादित माफी दीर्घकाळ दिली होती. परदेशी विक्रेते विकलेला माल 'भेट' म्हणून धाडू लागले, आणि कौटिल्याने ज्या लबाडीला चोरीचा दंड सांगितला होता तिचे उत्तर सरकारने वेगळ्या रीतीने दिले: 12 डिसेंबर 2019 च्या अधिसूचनेने टपालाने वा कुरियरने भेट म्हणून करमाफ आयात करण्यास बंदी घालण्यात आली. पूर्ण शुल्क भरून भेट आणता येईल, असे स्पष्टीकरण सोबत होते. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र अपवादात बसत नाही. ज्या शुल्काची रक्कम शंभर रुपयांपर्यंत असेल ते वसूल करू नये, या अधिनियमातील जुन्या कलमाचा आधार राखीला देण्यात आला. प्रामाणिक भेट आणि खोटी भेट यांत निवड करणे अवघड झाले तेव्हा राज्याने निवड करणेच सोडून दिले. हा निर्णय कारभाराला सोयीचा असेल. पण 'आतिथ्य' हा शब्द ज्या परंपरेने कराला दिला तिच्या मानाने तो कोरडा आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

ग्रंथांच्या संदर्भात उगमाच्या कराला आणखी एक बाजू आहे. 1878 च्या सागरी सीमाशुल्क कायद्याने सरकारला कोणत्याही मालाची आयात अधिसूचनेने थांबविण्याचा अधिकार दिला आणि ग्रंथ हा कायद्याच्या दृष्टीने मालच होता. सावरकरांनी लंडनमध्ये मराठीत लिहिलेला 1857 विषयीचा ग्रंथ मराठीत छापता आला नाही. त्याचे इंग्रजी भाषांतर 1909 मध्ये निघाले आणि त्याच वर्षी भारतात त्याच्या आयातीवर बंदी आली. मराठीत जन्मलेले पुस्तक मराठी मुलखात परका माल ठरले. जकातीच्या कारकुनाला वाचक करणारी ही तरतूद 1962 च्या अधिनियमातही, कलम 11 मध्ये, चालू राहिली. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, परंतु जुलै 2019 च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर 5 टक्के मूळ शुल्क बसविले. म्हणजे संहिता तीच असली तरी ती कोठे छापली यावर वाचकाने द्यावयाचे मोल बदलते. 'द सॅटॅनिक व्हर्सेस'ची आयात 5 ऑक्टोबर 1988 च्या अधिसूचनेने थांबविण्यात आली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर ती अधिसूचना कोणत्याच कार्यालयाला सादर करता आली नाही, आणि ती अस्तित्वातच नाही असे गृहीत धरून न्यायालयाने प्रकरण निकाली काढले.